चौऱ्याऐंशी विती

त्या सात पायऱ्या माझ्या हातच्या.
लेसोथोत, लेरिबेच्या वरल्या अंगाला, हा-थेबे गावात
गाढवांवरून आणलेला पिवळा दगड,
एकेक वीत उंच, एका ओळंब्यात,
तिसरीच्या कडेला माझी खूण : बैलाचं शिंग.
हेडमास्तर म्हणाले होते, न्ताते सेखोबे,
शाळा उंच असू दे, खोऱ्यातून दिसू दे.
दिसली.
बावीस हिवाळे दिसतेय.
एक दगड हलला नाही,
याचा बिअरच्या मडक्याशेजारी बसून
मी किती तोरा मिरवला असेल.

पायरी ओळखून राहावं म्हणतात.
मी तर ती कोरूनच दिली होती.

न्थातिसीला तिचा भाऊ पाठुंगळी आणायचा,
ब्लँकेटात बांधून, तान्ह्या पोरासारखी.
अकरा वर्षांची मुलगी.
खाली ठेवल्यावर ती फ्रॉक ओढून घ्यायची गुडघ्यांवर,
कुणाकडे न बघता.
मग भाऊ खाणीत गेला, सीमेपलीकडे.
चाकाची खुर्ची आली, ती पहिल्या पायरीपाशी थांबली
आणि वर्ग खिडकीतून खाली उतरू लागला :
आधी बाईंचा आवाज, मग कुणी फेकलेला खडू,
मग अर्धा धडा, वाऱ्याने नेलेला.
बर्फ पडला की तेवढंही नाही.

जिल्ह्याहून माणसं आली,
पायऱ्यांवर फळ्या ठोकल्या, फोटो काढला, गेली.
फळ्यांवरून बकऱ्या मजेत चढायच्या.
मी म्हटलं, झालं की आता.
ती म्हणाली, तुम्ही बसून बघा ना, न्ताते.

बसलो.
दोन पोरांनी अर्ध्यावर ढकललं, तिथे त्यांचा दम सरला.
मग आभाळच समोर आलं एकदम,
आणि मी उलटा, तळवे चाकांवर सोलत,
खाली कोंबड्यांत येऊन थांबलो.
पोरं हसली. ती नाही हसली.
तिने वही उघडली.

वहीत शाळा होती.
माझीच, पण मी कधी न पाहिलेली :
फळा नाही, घंटा नाही,
नुसते उंबरे, त्यांची उंची बोटांत.
नळ : एक वीत वर.
संडासाचं दार : दोन बोटं अरुंद, शिवाय आत उघडतं.
म्हणून सकाळी मी पाणी पीत नाही,
हे तिने पाढा म्हणावा तसं सांगितलं.
आणि पायऱ्यांखाली, दोनदा रेघ ओढून :
एक वीत चढायला बारा विती वाट.
साती बारे चौऱ्याऐंशी.

चौऱ्याऐंशी! अंगणात मावेना.
तीन संध्याकाळी मी भांडलो तिच्याशी,
काठीने मातीत रेघा मारत, पुसत.
सरळ न्यावी तर पीचचं झाड आड येतं.
तोडू म्हटलं, तर मान हलवली तिनेच.
मग झाडाला फेरा घातला,
वळणावर सपाट ओटा, दम खायला.

उताराला जागा हवी, म्हणून
पायऱ्यांचा डावा खांदा फोडायचा होता.
तिसरीवर घण घातला. फुटेना.
चांगलं काम केलं होतं मी.
शिंगाची खूण असलेला तुकडा घरी आण,
बायको म्हणाली.
आणला नाही. उताराच्या पोटात भर म्हणून गेला.

ऑगस्टात पीच फुलला तोवर सिमेंट वाळलं होतं.
ती एकटी चढली, सावकाश.
ओट्यावर थांबली,
दमली म्हणून की झाड बघायला, कळलं नाही.
मागून सगळी पोरं, मागून पाण्याची बादली,
मागून गुडघेदुखीच्या स्वयंपाकीणबाई.
पायऱ्या रिकाम्या.

वर उंबऱ्यापाशी वळून ती काहीतरी म्हणाली.
मला वाटलं, आभार. कान पुढे केला.

"न्ताते, संडासाचं दार."

मंगळवारी छन्नी घेऊन जातोय.
दोन बोटं.